पंचाहत्तर

कोमिझाच्या धक्क्यावर, बर्फाच्या कारखान्याला खेटून
प्रोश्पेरचं दुकान. आत डांबर, रबर
आणि कालच्या कॉफीचा वास.
भिंतीला भालाबंदुका उभ्या,
शाळेच्या प्रार्थनेला उभ्या असाव्यात तशा,
बुटक्या पुढे, उंच मागे.
माझी नजर थेट शेवटच्या सागवानीवर.
एकशे दहा सेंटिमीटर. पॉलिश असं,
की तिच्यात मला माझीच हाव दिसली.

"ती नाही," प्रोश्पेर म्हणाला,
हातातल्या जाळ्यावरून मान वर न करता.
"श्वास किती टिकतो तुझा?"
एक मिनिट दहा सेकंद.
"गादीवर, की पाण्यात?"

मी गप्प.

"बरं, पाण्यात दिसतं कुठवर?"
बुरा वाहून गेला की तळाचा खडा न् खडा,
युगो सुटला की स्वतःचा हातसुद्धा परका.
"मग दिसतं तेवढंच मागावं.
लांब बंदूक म्हणजे लांब जीभ, पोरी.
कपारीत वळत नाही आणि वेळेवर आवरत नाही."

हवेची दाखवली. म्हणाला, चांगली आहे,
पण वाळूचा कण गेला की रुसते,
आणि तिची समजूत घालणारा माणूस स्प्लिटला राहतो.
पन्नासची दाखवली. बिळातल्या माशांना ठीक.
मग पंचाहत्तर काढली, काळी, साधी,
छत्रीसारखी दिसणारी.
भाला आधीच काढून बाजूला ठेवला होता.
"रबर आणि भाला, दोघांची गाठ पाण्यातच घालायची.
कोरड्यात घातलीस, तर माझ्या दुकानाची पायरी चढू नकोस."
दांडा छातीशी टेकवून रबर ओढायला लावलं,
खाचेपर्यंत, आणि तसंच हळूहळू मागे.
दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा आलं.
बरगडीवर रुपयाएवढा वळ, आठवडाभर.

उन्हाळाभर पाहुण्यांच्या बोटींवर
भांडी घासून साठवलेले पैसे मोजले.
त्यानं एक युरोही सोडला नाही,
फक्त नारिंगी बोया पिशवीत टाकला.
"हा फुकट. बोटवाल्यांना डोळे नसतात."

बाबा धक्क्यावर बसून सगळ्यांना सांगत,
आमच्या वेळी नेम म्हणजे नेम होता,
माझा तर एकदाही चुकला नाही.

ऑक्टोबरची सकाळ, दीपगृहाखालचे खडक.
वरती आंद्रियाना, माझी मावसबहीण,
बोया धरून, माझे सेकंद मोजत.
खाली मी, पोट दगडाला लावून.
शराग आला. रुपेरी, शेपटीजवळ काळा पट्टा,
जणू घाईत गुंडाळलेला दुखवटा.
एकदा वळला, मग पूर्ण आडवा झाला.
मी चाप ओढला.

टण्ण.

आवाज दगडाचा.
शराग चार हातांवर जाऊन थांबला,
मागे वळून पाहिलं,
आणि पुन्हा शेवाळ खुडू लागला.

फाळ वाकला होता, म्हातारीच्या करंगळीसारखा.
संध्याकाळी तो खिशात लपवून दुकानात गेले.
प्रोश्पेर हसला नाही. गल्ल्याखालचा खण ओढला.
आत सगळे वाकडे फाळ,
प्रत्येकाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी.
एकावर त्याचंच नाव, शाई विटलेली.
एकावर गेल्या वर्षी वारलेल्या पाद्रीबुवांचं.
आणि कोपऱ्यात, एकाच दोऱ्यात ओवलेले सात,
बाबांच्या नावाचे.

"सात?"
"सात मला ठाऊक असलेले," तो म्हणाला,
आणि माझ्या फाळासाठी दोरा तोडला.

रात्री जेवताना बाबांनी विचारलं, "काय, लागला?"
मी चार्डचा घास गिळला.
"नेम म्हणजे नेम," म्हटलं,
"एकदाही चुकला नाही."
बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग मिठाकडे.
मग उगाच उठून
खिडकी लावली.
वारा नव्हता.